दिवा घेण्याआधी झाड ठरवा

बंद खोलीत दिव्याखाली झाडं वाढवणारे लोक आता आपल्याकडेही बरेच झाले आहेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये लोखंडी मांडणीवर मायक्रोग्रीन्स पिकवून हॉटेलांना पुरवणारी जोडपी आहेत. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांची केळीची ऊतिसंवर्धित रोपं शेतात जाण्याआधी बंद भांड्यांत दिव्यांच्या उजेडावर वाढलेली असतात. वातानुकूलित खोलीत केशर फुलवायला निघालेले तरुण आहेत, माशांच्या टाकीत पाणवनस्पती लावणारे आहेत, आणि न्यू जर्सीच्या कडाक्याच्या थंडीत कढीपत्त्याचं एकुलतं एक झाड मार्चपर्यंत जगवू पाहणाऱ्या काकूही आहेत. या सगळ्यांना पडणारा प्रश्न एकच असतो: एलईडी दिवा कुठला घ्यायचा?

बाजार या प्रश्नाचं उत्तर रंगांत आणि वॅटांत देतो. चारशे रुपयांच्या चिमट्याच्या जांभळ्या दिव्यापासून तीस-चाळीस हजारांच्या पॅनेलपर्यंत सगळ्यांवर ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिलेलं असतं, आणि ज्या दिव्याचं वजन अर्धा किलोही भरत नाही त्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं. माझं म्हणणं असं, की रंगाचा आणि वॅटचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी झाड ठरवावं, मग त्याला दिवसाला किती उजेड लागतो ते बघावं, मग जागा मोजावी, आणि मग दिवा निवडावा. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात आणि रोपं मान टाकतात.

उजेड मोजायचा कशात, इथूनच सुरुवात करायला हवी. आपण दिवे लुमेनमध्ये आणि खोलीतला उजेड लक्समध्ये मोजतो. ही दोन्ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, लाल आणि निळ्याला कमी. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळजवळ सगळाच उजेड खातं आणि फोटॉन मोजून खातं. म्हणून झाडांच्या जगात चालणारं माप आहे मायक्रोमोल: एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडले. याला ‘पीपीएफडी’ म्हणतात. दिवसभरात मिळून जेवढे पडले त्याची बेरीज मोलमध्ये करतात, ती ‘डीएलआय’, म्हणजे दिवसाचा एकूण उजेड. हिशेब सोपा आहे. पीपीएफडीला दिवा चालू असलेल्या तासांनी गुणायचं आणि पुन्हा ०.००३६ ने गुणायचं. २५० मायक्रोमोल सोळा तास दिले, तर १४.४ मोल झाले.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? भर दुपारी मोकळ्या अंगणात सूर्य साधारण २००० मायक्रोमोल देतो. लक्समध्ये तो लाखाच्या घरात जातो. त्याच वेळी आत बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून सहा-सात फुटांवर, लक्समीटर दोनशे-तीनशेच्या पुढे सहसा सरकत नाही. मायक्रोमोलमध्ये ते चार-पाच भरतात. आपल्याला तिथे आरामात पेपर वाचता येतो, म्हणून झाडालाही तो उजेड पुरेल असं वाटतं. डोळा हजारपटींचा फरक सहज सावरून घेतो. पानाला ती सोय नाही.

मोजणीसाठी खास उपकरण महाग पडतं, पण मोबाईलमधलं लक्समीटरचं फुकट अ‍ॅप कामचलाऊ उत्तर देतं. पांढरा एलईडी असेल तर लक्सला ७० ने भागावं, सूर्यप्रकाश असेल तर ५४ ने, म्हणजे मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. फोन रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, वर तोंड करून धरायचा आणि मांडणीच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांत वाचन घ्यायचं. मध्ये १५,००० लक्स आणि कोपऱ्यात ५,००० असं निघालं, तर मधली रोपं गुटगुटीत आणि कडेची किडकिडीत का होतात याचं उत्तर तिथंच मिळतं. जांभळ्या दिव्याखाली मात्र हे भागाकार लागू पडत नाहीत, कारण त्या उजेडात लक्समीटर जवळजवळ आंधळा असतो.

आता झाडं. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी ही मंडळी दिवसाला दोन-तीन मोलांवर तग धरतात. ती वाढतात कमी आणि टिकतात जास्त. नेचे, आफ्रिकन व्हायोलेट, फॅलेनॉप्सिस ऑर्किड यांना पाच ते आठ मोलांत चांगलं वाटतं. मायक्रोग्रीन्सना सहा-सात पुरतात. मेथी, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या आणि तुळस बारा ते पंधरा मोल मागतात. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांना फळ धरायचं असेल तर वीस ते तीस मोल हवेत, आणि इथंच बहुतेक घरगुती बेत कोलमडतात. चिमट्याच्या दिव्याखाली मिरचीला चार फुलं येतात आणि गळून जातात. रोगराई किंवा खत हुडकत बसण्याऐवजी आधी उजेडाचं गणित करून पाहावं.

उजेड कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. टोमॅटोचं आठवड्याचं रोप बघा. बीजदलांखालचा दांडा तीन-चार इंच लांबलेला, दोऱ्यासारखा बारीक आणि पांढुरका दिसतो. वर दोन फिकट पानं खिडकीकडे वळलेली असतात. पाण्याचा शिडकावा होताच रोप आडवं पडतं. पुरेसा उजेड मिळालेल्या रोपाचा दांडा इंच-दीड इंचाचा, जाड आणि बऱ्याचदा बुडाशी जांभळट असतो, पेरं जवळजवळ असतात. लांबलेलं रोप नंतर कितीही उजेड दिला तरी पुन्हा आखूड होत नाही. म्हणून रोपवाटिकेच्या पहिल्या दहा दिवसांत दिवा जवळ आणि भरपूर हवा.

रंगाबद्दल बाजारात सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं जुनं झालेलं आहे. जांभळ्या दिव्यांचा उगम समजून घेतला तर हा गोंधळ सुटतो. शाळेच्या पुस्तकात हरितद्रव्याच्या शोषणाचा आलेख असतो: निळ्यात एक शिखर, तांबड्यात एक शिखर आणि मध्ये हिरव्याची खोल दरी. तो आलेख द्रावकात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा आहे. अख्खं पान तसं वागत नाही. पानात उजेड पेशींच्या थरांवर आपटत, परतत फिरतो, आणि हिरव्या उजेडातलाही बराच मोठा वाटा शेवटी शोषला जातो. किथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर प्रत्येक तरंगलांबीच्या उजेडाचा प्रकाशसंश्लेषणातला उपयोग मोजून प्रसिद्ध केला. त्यात तांबडा पुढे होता, पण हिरवा निरुपयोगी मुळीच नव्हता. दाट पालवीत तर हिरवा उजेड वरच्या पानांतून झिरपून खालच्या थरांपर्यंत पोचतो. आपल्याला पान हिरवं दिसतं ते परतलेल्या थोड्याशा उजेडामुळे.

मग जांभळे दिवे आले कुठून? १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी अंतराळात भाजी पिकवण्याच्या कामासाठी एलईडी वापरून पाहिले. तेव्हा चांगले निघत होते ते तांबडे एलईडी. निळा एलईडी कामाचा नव्हताच, म्हणून लेट्यूसच्या प्रयोगात तांबड्या एलईडीच्या जोडीला निळ्या ट्यूबलाइट लावाव्या लागल्या. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी साधला. आकासाकी आणि आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यानंतर काही वर्षं तांबडा-निळा ही जोडी, म्हणजेच जांभळा दिवा, विजेच्या हिशेबात खरोखरच फायद्याची होती, कारण पांढरे एलईडी महाग आणि मंद होते. ते दिवस संपले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या छोट्या वाफ्यात तांबड्या-निळ्याबरोबर हिरवे एलईडीही ठेवले गेले, म्हणजे अंतराळवीरांना भाजी भाजीसारखी दिसावी. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी तिथलं तांबडं लेट्यूस खाल्लं.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडीच, वर पिवळट फॉस्फरचा लेप दिलेला. त्यामुळे त्यात निळा, हिरवा, तांबडा सगळं असतं. २७००-३००० केल्विनच्या ‘वॉर्म’ दिव्यात तांबडा जास्त, ६५०० केल्विनच्या ‘कूल डेलाइट’मध्ये निळा जास्त. निळा उजेड रोपाला आखूड, जाड, गडद ठेवतो; तांबडा फोटॉन तयार करायला वीज कमी लागते. रोपवाटिका आणि पालेभाज्यांना ४००० ते ६५०० केल्विन, फुला-फळांना ३००० ते ३५०० केल्विन आणि जोडीला ६६० नॅनोमीटरचे थोडे गडद तांबडे एलईडी दाणे, इतकं पाळलं की घरगुती कामाला रंगाचा प्रश्न मिटला. आणखी एक गोष्ट माझ्या मते कमी महत्त्वाची नाही. पांढऱ्या उजेडात पान कसं दिसतं ते कळतं. मावा, पिवळेपणा, बुरशीचे डाग जांभळ्या उजेडात दिसतच नाहीत. ते दिसतात तेव्हा ट्रे हातचा गेलेला असतो.

७०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या अतितांबड्या उजेडाबद्दल मात्र नव्याने बरंच काही समजलं आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांनी लेट्यूसच्या बियांवर तांबडा व अतितांबडा उजेड आलटून पालटून टाकला आणि रुजणं सुरू-बंद करून दाखवलं. पुढे त्यातूनच फायटोक्रोम हे रंगद्रव्य सापडलं. दुसऱ्या झाडाच्या सावलीत अतितांबडा वाढतो, म्हणून तो जास्त मिळाला की रोप ‘मला कोणी झाकतंय’ असं समजून उंच धावतं. त्याच वेळी, इतर उजेडाच्या सोबतीने तो प्रकाशसंश्लेषणातही हातभार लावतो, असं युटा स्टेट विद्यापीठातल्या झेन आणि बगबी यांनी २०२० मध्ये दाखवलं. व्यापारी शेतीत याचा उपयोग आहे. घरी रोपवाटिकेवर अतितांबडे दाणे नसलेलेच बरे. अतिनील दाण्यांबद्दल तर मी सरळ नको म्हणेन: फायदा थोडा, डोळ्यांना धोका मोठा, आणि स्वस्त दिव्यांतले ‘यूव्ही’ दाणे बहुतेक वेळा नुसते जांभळे असतात.

आता खरा निकष. दिव्याने खाल्लेल्या प्रत्येक ज्यूल विजेमागे किती मायक्रोमोल दिले? ही ‘मायक्रोमोल प्रति ज्यूल’ संख्या म्हणजे दिव्याचं अ‍ॅव्हरेज. जुन्या सीएफएल आणि ट्यूबलाइट एकाच्या आतबाहेर होत्या. ग्रीनहाऊसमधले १००० वॅटचे उत्तम सोडियम दिवे १.७ देत, आणि २०१४ मध्ये नेल्सन आणि बगबी यांनी मोजलं तेव्हा त्यावेळचे उत्तम एलईडीही तेवढ्यावरच होते. त्यानंतर एलईडी झपाट्याने पुढे गेले. आज चांगल्या पांढऱ्या-तांबड्या एलईडी बोर्डाकडून २.५ ते ३ ची अपेक्षा रास्त आहे. अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम या संस्थेच्या यादीत यायला २०१८ मध्ये १.९ पुरत होते, २०२३ मध्ये किमान २.३ लागू लागले. तांबड्या फोटॉनसाठी निसर्गाची कमाल मर्यादा साडेपाच आणि निळ्यासाठी पावणेचारच्या आसपास आहे, त्यामुळे कोणी ‘पाच’ सांगू लागला तर तिथून उठावं.

आपल्याकडच्या साध्या चार फुटी, वीस वॅटच्या एलईडी बॅटनचं काय? २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी बल्बच्या किमती कोसळल्या आणि हा सगळा माल घराघरांत पोचला. वॅटमागे शंभर लुमेन देणारी बॅटन मायक्रोमोलच्या भाषेत १.४ ते १.५ वर बसते. हे वाईट नाही. दहा वर्षांपूर्वीच्या महागड्या ग्रो लाइटच्या जवळ जाणारं आहे. चार बाय दोन फुटांच्या फळीवर अशा चार बॅटन, रोपांपासून आठ-दहा इंचांवर लावल्या, तर सव्वाशे मायक्रोमोलच्या आसपास उजेड मिळतो. सोळा तासांत सात मोल. मायक्रोग्रीन्सना एवढं पुरेसं आहे. त्यांच्यासाठी खास ग्रो लाइट घेणाऱ्यांनी पैसे जपावेत, असं मी आवर्जून सांगेन.

लेट्यूस किंवा तुळस घ्यायची तर त्याच फळीवर अडीचशे मायक्रोमोल हवेत, म्हणजे आठ बॅटन, १६० वॅट. तेच काम २.५ चा चांगला बोर्ड ९०-९५ वॅटमध्ये करतो. फरक ६५-७० वॅटचा. सोळा तासांनी गुणलं की दिवसाला एक युनिटच्या वर, महिन्याला तेहतीस युनिटच्या आसपास. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला चार हजार रुपये. म्हणजे वर्षभर सलग चालवणार असाल तर बोर्डासाठी जादा मोजलेले चार हजार पहिल्या वर्षातच फिटतात. हिवाळ्यात दोन महिनेच चालवणार असाल तर बॅटनच बऱ्या. महावितरणची आकारणी टप्प्यांनी वाढत जाते हेही ध्यानात असू द्या. घराचं बिल आधीच तीनशे युनिटांच्या काठावर असेल, तर दिव्याचे युनिट वरच्या दराने पडतात.

अंदाज बांधायला एक सोपा आकडा: चांगल्या बोर्डाने पालेभाजीला चौरस फुटामागे दहा-बारा वॅट, टोमॅटो-मिरचीला वीस-बावीस वॅट लागतात. हे वॅट भिंतीतून खरोखर ओढलेले असायला हवेत. खोक्यावरचे नव्हेत.

ते ओढलेले वॅट घरच्या घरी मोजता येतात, आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि जवळच ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरसुद्धा. फक्त ग्रो लाइट चालू ठेवा आणि मीटरसमोर फोनचं स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा. दहा लुकलुकींचा वेळ घेऊन दहाने भागलं तर आकडा जास्त नेमका येतो. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळाले. सव्वाअकरा सेकंद लागले तर दिवा शंभर वॅटचा. १००० वॅटचा दिवा खरोखर तेवढा असता तर ठिपका साधारण सेकंदाला एकदा लुकलुकला असता. मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. परतीची मुदत संपायच्या आत ही पाच मिनिटांची तपासणी केली, तर विक्रेत्याशी बोलायला हातात पुरावा असतो.

वॅट खरे निघाले तरी दिव्याची बांधणी बघायची असते. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, पावसाळ्यात खोली दमट असते आणि रोपांशेजारी पाणी असतंच. म्हणून दाण्यांपेक्षा आधी ड्रायव्हर, म्हणजे दाण्यांना वीज पुरवणारा भाग, बघावा: वेगळा, धातूच्या पेटीतला, नाव आणि बीआयएस नोंदणी क्रमांक छापलेला. थेट २२० व्होल्टवर चालणाऱ्या, ड्रायव्हर नसलेल्या स्वस्त सीओबी पट्ट्या मिळतात. त्यांत जिवंत वीज उघड्या बोर्डावर असते. ओल्या ट्रेच्या वर त्या लावू नयेतच. मांडणीच्या सर्किटला वीज गळताच ती तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. दाण्यांचं म्हणाल तर सॅमसंगच्या एलएम३०१ मालिकेचं नाव सगळेच सांगतात. नाव सांगणं सोपं आहे. बिलावर लिहून देणारा विक्रेता मिळाला तरच त्याला अर्थ आहे. बोर्डामागे ॲल्युमिनियमचा जाड पत्रा असावा, आणि तासभर चालल्यावर त्याला हात लावून धरता यावा.

दिव्याची वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन उरते, मग तो दिवा कितीही चांगला असो. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात बंद कपाटात शंभर वॅटचा दिवा लावला तर रोपं आधी उकडतील. अशा वेळी दिवा संध्याकाळी सातला लावून सकाळी नवाला बंद करावा. झाडाला आपलं घड्याळ कळत नाही. एक छोटा पंखा सतत फिरता ठेवावा. त्याने दांडेही घट्ट होतात.

किती तास द्यायचे, हा प्रश्न उजेडाच्या बेरजेइतकाच जातीवर अवलंबून आहे. लेट्यूसला सोळा तास चालतात. पालक आणि कोथिंबीर या मोठ्या दिवसात दांडा टाकणाऱ्या भाज्या. त्यांना बारा तास द्यावेत आणि उजेड थोडा वाढवावा, नाहीतर पानांऐवजी तुरा हाती येतो. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात. शेवंती लहान दिवसाची. रात्र लांबली की कळी धरते. शेवंतीचे बागायतदार रात्री मध्येच दिवे लावून कळी लांबवतात, ते याच कारणाने. ड्रॅगन फ्रूटचं उलट आहे. व्हिएतनामात हिवाळ्यात रात्री मळेच्या मळे दिव्यांनी उजळून त्याला अवेळी फुलं आणतात. या दोन्ही ठिकाणी दिवा झाडाला अन्न देत नाही, फक्त दिवसाची लांबी सांगतो, म्हणून तिथं अगदी मंद उजेडही पुरतो. घरातल्या लागवडीशी याची गल्लत करू नये.

केशराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यात आपल्याकडच्या तरुणांचे पैसे अडकत आहेत. बंद खोलीत, मातीपाण्याशिवाय, ट्रेमध्ये ठेवलेल्या कंदांतून जांभळी फुलं उमलतात हे खरं आहे, आणि पाहणाऱ्याला ते दिव्यांचं यश वाटतं. प्रत्यक्षात फूल कंदात साठलेल्या अन्नावर येतं. उन्हाळ्यात २३ ते २७ अंशांत कंदाच्या आत कळी घडते आणि तापमान १७ अंशांच्या आसपास उतरलं की ती बाहेर पडते. हे काम वातानुकूलनाचं आहे. खरी परीक्षा फुलं तोडल्यावर सुरू होते. पुढचे चार-पाच महिने पानांनी अन्न करून नवे कंद पोसायचे असतात, आणि त्यासाठी भरपूर उजेड व थंडी दोन्ही लागतात. काश्मीरच्या पांपोरमध्ये हे उघड्या शेतात ऊन फुकट देतं. खोलीत ते दिव्यांनी द्यायचं तर वीज दोनदा जळते, एकदा दिव्याला आणि एकदा त्याची उष्णता बाहेर काढायला. कंद आठ ग्रॅमच्या खाली गेला की त्याला सहसा फूल येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी विकत आणलेल्या कंदांवर फुलं येतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या वर्षी कंद बारीक झालेले असतात. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. प्रशिक्षण विकणाऱ्याला एकच विचारावं: तुमच्या खोलीत वाढलेले कंद किती ग्रॅमचे निघाले आणि त्यांना तिसऱ्या वर्षी किती फुलं आली?

हाच हिशेब भाजीला लावला तर मोठमोठ्या कंपन्या का बुडाल्या ते कळतं. लेट्यूसच्या किलोमागे नुसत्या दिव्यांना दहा-बारा युनिट लागतात. थंड हवा, पंप, पगार, भाडं वेगळं. अमेरिकेत एअरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, बावरी २०२४ च्या अखेरीस बंद पडली, प्लेंटीनेही मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्र कच्चं होतं असं नाही. फुकट ऊन खाऊन वाढलेल्या भाजीशी विकतच्या उजेडावरच्या भाजीची स्पर्धा होती. आपल्याकडे तर ऊन जास्त आणि मेथीची जुडी स्वस्त. दिव्याखाली पिकवलेली मेथी विकून नफा होणार नाही. मायक्रोग्रीन्सचं गणित बसतं, कारण ती आठ-दहा दिवसांत निघतात, त्यातले पहिले तीन-चार दिवस अंधारातच असतात, आणि किलोमागे चार-पाच युनिटांत काम होतं. ऊतिसंवर्धनाचंही बसतं: बाटलीतल्या रोपाला पन्नास मायक्रोमोलसुद्धा लागत नाहीत आणि एका रॅकवर हजारो रोपं मावतात. तिथं ट्यूब काढून एलईडी लावण्यात दिव्याच्या विजेबरोबर एसीच्या विजेचीही बचत आहे.

परदेशातल्या मराठी घरांचा प्रश्न निराळा आहे. पुण्यात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहून कमी आणि बहुधा ढगाळ. तिथं खिडकीतल्या कढीपत्त्याने पानं गाळली तर पाणी वाढवू नये. तीस-चाळीस वॅटचा पांढरा दिवा शेंड्यापासून फूटभर वर, तेरा-चौदा तास टायमरवर लावावा आणि कुंडी थंड काचेपासून दूर ठेवावी. मोगरा आणि तुळशीलाही हीच सोय चालते. दिवा तिथेच घ्यावा. अमेरिकेतलं व्होल्टेज आणि प्लग दोन्ही वेगळे.

महाराष्ट्रात ज्यांच्या बाल्कनीत तीन-चार तास ऊन येतं, त्यांनी दिवा घेऊच नये. ते ऊन बहुतेक घरगुती दिव्यांपेक्षा जास्त देतं. ज्यांना अंधाऱ्या फ्लॅटमध्ये मनी प्लांट हिरवा ठेवायचा आहे, त्यांना डोक्यावर जवळच लावलेला साधा पांढरा बल्ब बारा तास पुरतो. मायक्रोग्रीन्सवाल्यांनी बॅटन घ्याव्यात. ज्यांना लेट्यूस, तुळस, मिरची वर्षभर घरात घ्यायचीच असेल त्यांनी पांढरा-तांबडा बोर्ड घ्यावा, अडीच मायक्रोमोल प्रति ज्यूलच्या वरचा. जांभळा दिवा कोणीच घेऊ नये. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून मागाव्यात: भिंतीतून ओढलेले वॅट किती आणि एकूण मायक्रोमोल किती. जो हे आकडे देत नाही त्याच्याकडून दिवा घेऊ नका. गिऱ्हाईक विचारू लागल्याशिवाय हे आकडे आपल्याकडच्या खोक्यांवर छापले जाणार नाहीत.